मोठ्या फोटोचे नेमके तुकडे कसे पाडायचे

फोटो कापायला दोन-चार क्लिक पुरतात. खरा वेळ जातो तो त्याआधीच्या मोजमापात. तेच टाळलं की पुढे सगळं बिनसतं. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा पिक्सेलभर (पिक्सेल म्हणजे फोटोतला सगळ्यात लहान ठिपका) रुंद निघतो, जोडावर बारीकशी रेघ उमटते, नाहीतर काप नेमका कुणाच्या तरी डोळ्यावरून जातो. म्हणून इथे कापण्याइतकाच आखणीवरही भर दिला आहे. गिंप आणि फोटोशॉप या फोटो संपादनाच्या दोन्ही सॉफ्टवेअरमधली कृती खाली आहे. गिंप मोफत मिळतं आणि या कामाला पुरून उरतं, त्यामुळे नव्याने शिकत असाल तर तिथूनच सुरुवात करा असं मी सांगेन.

तुकडे शेवटी जाणार कुठे?

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं हवं. इन्स्टाग्रामवर बोटाने सरकवत बघायचा लांब फोटो, प्रोफाइलवर नऊ पोस्ट मिळून दिसणारं एकच चित्र, घरच्या प्रिंटरवर छापून चिकटवायचं पोस्टर, ई-मेलमधला मोठा बॅनर: प्रत्येकाचं माप वेगळं, फाइलचा फॉरमॅट वेगळा आणि काप कुठे बसवायचे तेही वेगळं. इंटरनेटवरचे नकाशेसुद्धा असेच तुकड्यांचे बनलेले असतात. बहुतेक ठिकाणी २५६×२५६ पिक्सेलचे चौकोन असतात, आणि झूमची एक पायरी वाढली की तुकड्यांची संख्या चौपट होते. आपण स्क्रीनवर जेवढा भाग बघतो तेवढेच चौकोन मागवले जातात, म्हणून अख्ख्या जगाचा नकाशा मोबाइलवर चटकन उघडतो.

आपण उदाहरणाला इन्स्टाग्रामचा तीन भागांचा लांब फोटो घेऊ. त्यात शिकण्यासारखं जवळजवळ सगळं येतं.

आधी भागाकार

समजा फोटो १००० पिक्सेल रुंद आहे आणि तीन तुकडे हवेत. हजाराला तीनने भागलं की ३३३ येतात आणि एक उरतो. पिक्सेलचे अर्धे-पाव भाग होत नाहीत, त्यामुळे तो उरलेला एक कुठल्या तरी तुकड्याला जातो. तुकडे शेजारी ठेवले तर हा फरक डोळ्यांना जाणवणारही नाही. पण अ‍ॅपने सगळे तुकडे एकाच मापात बसवायला घेतले की एखादा किंचित ताणला जातो आणि जोडावरची रेषा सरकते.

म्हणून हिशोब उलटीकडून करायचा. एका तुकड्याचं माप आधी पक्कं करायचं आणि त्यावरून पूर्ण फोटोचं माप काढायचं. इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८०×१३५० पिक्सेलची धरतात. असे तीन तुकडे शेजारी ठेवले तर पूर्ण फोटो ३२४०×१३५० होतो, म्हणजे १२:५ हे प्रमाण. आपला मूळ फोटो आधी या प्रमाणात क्रॉप करायचा, म्हणजे कडेचा नको तो भाग छाटायचा, आणि मग ३२४०×१३५० वर आणायचा. आधी आकार बदलून नंतर क्रॉप केलं तर माप पुन्हा बिघडतं, त्यामुळे हा क्रम पाळाच.

क्रॉप केल्यावर फोटो ३२४० पिक्सेलपेक्षा बराच लहान उरला तर? तो ओढूनताणून मोठा करू नका, तपशील पुसट होतात. तीनऐवजी दोन तुकडे करा. दोन धारदार तुकडे तीन धूसर तुकड्यांपेक्षा केव्हाही चांगले.

प्रोफाइलवर नऊ पोस्टचं एक चित्र करायचं असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रोफाइलची ग्रिड पूर्वी चौकोनी होती, जानेवारी २०२५ पासून ती ३:४ अशी उभी झाली. १०८०×१३५० ची पोस्ट तिथे दाखवताना दोन्ही बाजूंनी साधारण ३४-३४ पिक्सेल झाकले जातात. सरकवत बघायच्या फोटोला याने काही होत नाही, कारण पोस्ट उघडली की ती पूर्ण दिसते. नऊ पोस्टच्या चित्रात मात्र प्रत्येक उभ्या जोडावर जवळजवळ ६८ पिक्सेलचा पट्टा गायब होतो आणि चेहरा असेल तर तो लगेच विचित्र दिसतो. अशा चित्रासाठी तुकडेच ३:४ चे करा: १०८०×१४४० चा एक तुकडा, पूर्ण चित्र ३२४०×४३२०. आणि टाकताना उलट्या क्रमाने टाका, खालच्या ओळीतला उजवीकडचा तुकडा सर्वांत आधी, कारण नवी पोस्ट नेहमी डावीकडे वर येऊन बसते.

काप कुठे पडणार ते बघून घ्या

माप ठरलं की कापाच्या रेघाही ठरल्या. आता हलवायचा तो फोटो. क्रॉपची चौकट डावी-उजवीकडे, वर-खाली सरकवत बघा की रेघ कशावरून जाते. डोळे, ओठ, बोटं आणि अक्षरं यांवरून काप जाता कामा नये. मोकळं आकाश, भिंत, पाणी यांवरून जाणारा काप चालतो. लांब फोटोत तर मी मुद्दाम बघतो की क्षितिज, रस्ता, कुंपण अशी एखादी आडवी रेषा जोड ओलांडून पुढे जाते आहे ना. अर्धाच दिसणारा रस्ता बघणाऱ्याच्या बोटाला आपोआप पुढे सरकायला लावतो.

अक्षरं असतील तर ती तुकडे पाडायच्या आधीच पूर्ण फोटोवर लिहा आणि एकेक शब्द एका तुकड्यात मावेल असा बसवा. आपल्या लिपीत शिरोरेघ मध्येच तुटली तर शब्द वाचायला फार जड जातो.

गिंपमधली कृती

फोटो उघडा आणि लगेच 'सेव्ह अ‍ॅज' करून दुसऱ्या नावाने एक्ससीएफ (गिंपच्या स्वतःच्या फॉरमॅटची) फाइल करून ठेवा. मूळ फोटोला हात लावायचा नाही.

पहिलं काम क्रॉपचं. शिफ्ट आणि सी दाबलं की क्रॉप टूल येतं. डाव्या बाजूच्या टूल ऑप्शन्समध्ये 'फिक्स्ड' वर खूण करा, शेजारच्या यादीत 'आस्पेक्ट रेशो' निवडा आणि खालच्या रकान्यात १२:५ लिहा. आता फोटोवर चौकट ओढली की ती त्याच प्रमाणात राहते. हवी तिथे सरकवून एंटर दाबा. मग 'इमेज' मेन्यूत 'स्केल इमेज' उघडून रुंदी ३२४० आणि उंची १३५० भरा. एक आकडा भरल्यावर दुसरा एखाद्या पिक्सेलने चुकीचा येत असेल तर दोन्ही रकान्यांच्या मधल्या साखळीच्या चिन्हावर क्लिक करून साखळी तोडा आणि आकडे हाताने लिहा. एका पिक्सेलच्या ताणाने फोटो बिघडत नाही, पण माप मात्र नेमकं येतं.

दुसरं काम गाइड टाकण्याचं. गाइड म्हणजे फोटोवर दिसणारी पण एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये न येणारी आखणीची रेघ. वरच्या किंवा डाव्या मोजपट्टीवरून माउसने ओढूनही ती काढता येते, पण हाताने नेमक्या १०८० वर थांबणं अवघड असतं. त्यापेक्षा 'इमेज' मेन्यूतून 'गाइड्स' आणि तिथून 'न्यू गाइड' घ्या. दिशा 'व्हर्टिकल' ठेवा आणि जागा १०८० लिहा. पुन्हा एकदा तेच करून २१६० लिहा. टक्केवारीने गाइड टाकायचीही सोय तिथेच आहे, पण तीन भागांसाठी ३३.३३ टक्के लिहिलं की पूर्णांकाची भानगड परत मागे लागते. पिक्सेलच वापरा.

तिसरं काम कापण्याचं. 'इमेज' मेन्यूत 'स्लाइस यूझिंग गाइड्स' आहे, त्यावर क्लिक करा. जुन्या २.८ आवृत्तीत हेच काम 'ट्रान्सफॉर्म' च्या खाली 'गिलोटिन' या नावाने होतं. क्षणात तीन नव्या इमेज वेगवेगळ्या टॅबमध्ये उघडतात. मूळ फोटो जसाच्या तसा आपल्या टॅबमध्ये राहतो आणि लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, असतील तर तेही प्रत्येक तुकड्यात शाबूत राहतात.

इथे नव्या माणसाला वाटतं की काम झालं. अजून झालेलं नाही. हे तुकडे फक्त उघडले आहेत, डिस्कवर कुठेही गेलेले नाहीत. प्रत्येक टॅबवर जाऊन कंट्रोल, शिफ्ट आणि ई दाबा, नाव द्या आणि एक्स्पोर्ट करा. नावाच्या शेवटी पीएनजी किंवा जेपीजी जे लिहाल त्या फॉरमॅटची फाइल होते. नंतर टॅब बंद करताना गिंप 'बदल सेव्ह केलेले नाहीत' अशी सूचना देतं. ती एक्ससीएफ फाइलबद्दल असते. एक्स्पोर्ट झालेलं असेल तर निर्धास्तपणे 'डिस्कार्ड' करा.

नावं ०१, ०२, ०३ अशी दोन आकड्यांत द्या. नुसते १, २, ३ दिले तर दहाच्या पुढे गेल्यावर काही ठिकाणी १ नंतर थेट १० येतो आणि तुकड्यांचा क्रम विस्कटतो. आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी कापत असाल तर ओळ आणि स्तंभ दोन्ही नावात घ्या, म्हणजे दुसऱ्या ओळीतला तिसरा तुकडा कुठला हे फाइल न उघडता कळतं.

तुकडे वीस-पंचवीस असतील तर एकेक एक्स्पोर्ट करणं कंटाळवाणं होतं. त्यासाठी 'फिल्टर्स' मेन्यूत 'वेब' च्या खाली 'स्लाइस' आहे का बघा. ते याच गाइडवरून कापतं आणि सगळे तुकडे तुम्ही दिलेल्या फोल्डरमध्ये स्वतःच लिहून टाकतं. सोबत एक एचटीएमएल फाइलही तयार होते. ती नको असेल तर खुशाल काढून टाका.

फोटोशॉपमधली कृती

क्रॉप आणि माप वरच्यासारखंच करून घ्या. गाइडसाठी 'व्ह्यू' मेन्यूत 'न्यू गाइड लेआउट' ही फार सोयीची खिडकी आहे. 'कॉलम्स' मध्ये ३ लिहा, ओळींचा रकाना मोकळा ठेवा. त्याच खिडकीत 'गटर' नावाचा रकाना असतो, म्हणजे दोन स्तंभांमधली मोकळी जागा. तो रिकामा करा. त्यात आकडा राहून गेला तर प्रत्येक जोडावर एकाऐवजी दोन गाइड पडतात आणि तीनऐवजी पाच तुकडे निघतात, त्यातले दोन नुसत्या चिंधीएवढे बारीक. 'मार्जिन' वरची खूणही काढून टाका.

आता स्लाइस टूल. ते क्रॉप टूलच्या मागे लपलेलं असतं. क्रॉपच्या चिन्हावर माउस दाबून धरला की यादी उघडते, तिथून निवडा. वरच्या पट्टीत 'स्लाइसेस फ्रॉम गाइड्स' हे बटण दिसेल, ते दाबा. प्रत्येक तुकड्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात निळा क्रमांक येतो. क्रमांक करडा दिसला तर तो तुकडा तुम्ही केलेला नाही, उरलेली जागा भरायला फोटोशॉपने स्वतः केलेला आहे. हाताने चौकटी ओढताना दोन तुकड्यांत पिक्सेलभर फट राहिली की असा करडा तुकडा मध्येच उपटतो. तो दिसला की थांबा, झूम करा आणि कडा जुळवून घ्या.

गाइडशिवायही जमतं. स्लाइस टूल हातात असताना फोटोवर राइट क्लिक करून 'डिव्हाइड स्लाइस' घ्या. इथे एका गोष्टीने बहुतेकांचा गोंधळ उडतो. 'डिव्हाइड हॉरिझॉन्टली' मध्ये ३ लिहिलं तर आडव्या रेघांनी काप पडतात, म्हणजे तुकडे एकाखाली एक येतात. शेजारी शेजारी हवे असतील तर आकडा 'व्हर्टिकली' मध्ये लिहायचा.

शेवटी 'फाइल', 'एक्स्पोर्ट' आणि मग 'सेव्ह फॉर वेब'. त्याच्या नावापुढे आता 'लेगसी' असं लिहिलेलं असतं, तरी स्लाइससाठी वापरायचं तेच. नुसतं 'सेव्ह अ‍ॅज' केलं तर फोटो अखंडच सेव्ह होतो. खिडकी उघडल्यावर तिच्यातलं स्लाइस सिलेक्ट टूल घ्या आणि शिफ्ट दाबून सगळे तुकडे निवडा. मगच उजवीकडे जेपीईजी किंवा पीएनजी-२४ निवडा. प्रत्येक तुकड्याची सेटिंग स्वतंत्र असते. एकच तुकडा निवडलेला असताना फॉरमॅट बदलला तर बाकीचे जीआयएफ म्हणून निघू शकतात. जीआयएफमध्ये जास्तीत जास्त २५६ रंग मावतात, त्यामुळे त्वचा आणि आकाश ठिपक्याठिपक्यांचं दिसायला लागतं. पहिला तुकडा सुंदर आणि उरलेले दाणेदार आले तर कारण हेच असतं.

'कन्व्हर्ट टू एसआरजीबी' (स्क्रीनसाठीची सर्वसाधारण रंगपद्धत) वर खूण असू द्या, म्हणजे फोनवर रंग फिके पडत नाहीत. सेव्ह करताना खाली 'इमेजेस ओन्ली' आणि 'ऑल स्लाइसेस' निवडा. तुम्ही दाखवलेल्या जागी 'इमेजेस' नावाचं फोल्डर तयार होतं आणि तुकडे त्यात ०१, ०२ अशा क्रमांकांनी येतात. तुकडे सापडत नाहीत असं वाटलं तर आधी तिथे बघा.

हे दोन्ही उपलब्ध नसतील तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्येही स्लाइस टूल आहे आणि त्याची धाटणी फोटोशॉपसारखीच आहे.

पीएनजी की जेपीईजी?

जेपीईजी हा फॉरमॅट फोटो ८×८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत वाटून त्यातली माहिती कमी करतो. मूळ फोटो जेपीईजी, त्याचे तुकडे पुन्हा जेपीईजी, म्हणजे नुकसान दोनदा. शिवाय तुकड्याच्या कडेपाशी हे ठोकळे वेगळ्या जागी सुरू होतात, म्हणून निळ्या आकाशात किंवा साध्या भिंतीवर जोड पुसटसा जाणवू शकतो. पीएनजीत असं काही घटत नाही. तुकडे पुन्हा जोडायचे असतील, छापायचे असतील किंवा त्यांवर अजून काम करायचं असेल तर पीएनजीच घ्या. फाइल मोठी होते, पण जोड स्वच्छ राहतात. फक्त वेबवर टाकायचे फोटो असतील आणि फाइल हलकी हवी असेल तर जेपीईजी चालेल, क्वालिटी ८० च्या खाली न नेता.

जोड बरोबर आला का?

डोळ्यांवर विसंबून राहू नका, एक सोपी परीक्षा आहे. गिंपमध्ये मापात आणलेली पूर्ण फाइल उघडा आणि 'ओपन अ‍ॅज लेयर्स' ने तिन्ही तुकडे तिच्यावर आणा. मूव्ह टूलने प्रत्येक तुकडा आपापल्या जागी सरकवा. गाइड अजून तिथेच आहेत, आणि 'व्ह्यू' मेन्यूत 'स्नॅप टू गाइड्स' चालू असेल तर तुकडे रेघेला येऊन चिकटतात. मग तुकड्यांच्या लेयरचा मोड 'नॉर्मल' वरून 'डिफरन्स' करा. हा मोड वरच्या आणि खालच्या पिक्सेलमधला फरक दाखवतो. फरक नसेल तर काळं. पीएनजी तुकडे नीट बसले असतील तर अख्खा फोटो ठार काळा होतो. एखादा तुकडा एका पिक्सेलनेही सरकला असेल तर चित्रातल्या सगळ्या कडा काळ्यावर उजळ रेघांनी उमटतात, आणि कुठला तुकडा चुकला ते लगेच सापडतं. जेपीईजी तुकडे असतील तर थोडी काळपट खसखस दिसेल, तिची काळजी नको.

पोस्टर छापायचं असेल तर गाइड पुरत नाहीत

ए४ कागद २१०×२९७ मिलिमीटरचा. असे चार कागद दोन-दोनच्या ओळीत लावले की ए२ एवढं पोस्टर होतं. पण घरचे बरेच प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. दुसरं म्हणजे कडेला कड लावून चिकटवायचं तर कात्री केसभर चुकली तरी पांढरी फट दिसते. म्हणून तुकडा कागदापेक्षा लहान घ्यायचा आणि शेजारच्या तुकड्यांत थोडा भाग दोन्हीकडे छापायचा. गाइडने कापलं की काप सरळ दोन भाग करतो, सामायिक पट्टी राहत नाही. इथे तुकडे निवडून काढावे लागतात.

चारही बाजूंना १० मिलिमीटर मोकळे सोडले तर छपाईला १९०×२७७ मिलिमीटर उरतात. पोस्टर लांबून बघायचं असल्याने इंचाला १५० पिक्सेल पुरेसे आहेत. त्या हिशोबाने एक तुकडा ११२२×१६३६ पिक्सेलचा, आणि १० मिलिमीटरची सामायिक पट्टी म्हणजे ५९ पिक्सेल. दुसरा तुकडा ११२२ वर सुरू न होता १०६३ वर सुरू होईल, खालची ओळ १५७७ वर. पूर्ण चित्राचं माप २१८५×३२१३. मूळ फोटो याच मापात क्रॉप आणि स्केल करून घ्या.

आता गिंपमधलं रेक्टँगल सिलेक्ट टूल घेऊन फोटोवर कुठेही एक चौकट ओढा आणि टूल ऑप्शन्समध्ये तिची जागा ०, ० आणि माप ११२२, १६३६ असं लिहा. 'कॉपी' करा आणि 'एडिट' मेन्यूतल्या 'पेस्ट अ‍ॅज' मधून 'न्यू इमेज' घ्या. पहिला तुकडा झाला. परत पूर्ण चित्रावर येऊन फक्त जागा बदला: १०६३, ०, मग ०, १५७७, आणि शेवटी १०६३, १५७७. माप तेच राहू द्या. लेयर अनेक असतील तर 'कॉपी' ऐवजी 'कॉपी व्हिजिबल' वापरा, नाहीतर निवडलेल्या एकाच लेयरचा भाग उचलला जातो.

प्रत्येक नव्या इमेजमध्ये 'इमेज' मेन्यूतलं 'प्रिंट साइज' उघडून इंचाला १५० पिक्सेल आहेत ना बघा. फोटोशॉपच्या 'सेव्ह फॉर वेब' मधून काढलेल्या तुकड्यांत पिक्सेल तेवढेच असतात, पण छपाईच्या मापाची ही नोंद टिकत नाही, म्हणून छपाईसाठी तो मार्ग टाळा. प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' वरची खूण काढा आणि माप १०० टक्के ठेवा. एका पानाला आपोआप लहान-मोठं केलं गेलं तर बाकीचं कुठलंच पान त्याच्याशी जुळणार नाही. आधी एकच पान छापून छापलेल्या भागाची रुंदी पट्टीने मोजा. १९० मिलिमीटर भरली की उरलेली तीन छापा.

चिकटवताना डावीकडच्या पानांची मोकळी कड तशीच ठेवा आणि उजवीकडच्या पानांची डावी मोकळी कड कापून टाका. कापलेलं पान शेजारच्या पानावर १० मिलिमीटर चढवा. सामायिक पट्टीतलं चित्र चित्रावर तंतोतंत बसलं की डिंक लावा. आधी वरची दोन पानं जोडा, मग खालची दोन. खालच्या जोडीची वरची मोकळी कड सलग एका रेषेत कापा आणि ती वरच्या जोडीवर तशीच चढवून चिकटवा. बाहेरच्या चारही कडा सगळ्यात शेवटी कापा.